सड्यावरच्या शाळेचं कौशल्य केंद्र : प्रकल्प नोंदी

22 जून 2024

शाळा चालवणाऱ्या आपल्या मंडळाच्या मुंबईच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नोंदवही सुरू. मुलं कमी झाली, म्हणून शाळा बंद करून तिच्या इमारतीत कौशल्य केंद्र काढायचंय. पैसा चाकरमान्यांच्या वर्गणीतून येणार आहे. काम कुठे अडलं, कशामुळे अडलं हे त्यांना परळला बसून वाचता आलं पाहिजे, असं अध्यक्षांचं म्हणणं. रास्त आहे. मी सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा निदेशक म्हणून निवृत्त झालो, म्हणून हे गळ्यात पडलंय.

परिस्थिती अशी. दापोली तालुक्यातली, सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरची) आपली माध्यमिक शाळा. साठच्या दशकात गावाने डोक्यावरून चिरे वाहून बांधलेली. आज पट 31 : दहावीत 14, नववीत 11, आठवीत 6. खोल्या नऊ, वापरात चार. उरलेल्यांत मोडके बाक, निसर्ग वादळात उडून वाकडे झालेले पत्रे आणि एक संगणक खोली, जिच्यातल्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच फुगून गेल्यात. गणिताचे सर निवृत्त झाले, ती जागा भरली नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याचे, निकष बदलले. वर्गात विसाच्या आत मुलं असली की आता पद मिळणंच मुश्कील. मुख्याध्यापिकाबाई इंग्रजी, इतिहास आणि कार्यालय असं तिन्ही ओढतायत.

मुलं कुठे गेली हे सगळ्यांना माहीत आहे. विरार, दिवा, दापोलीचं इंग्रजी माध्यम. आणि गावात पाळणेच कमी हलतायत. त्यावर पानं भरत नाही.

बैठकीत तीन सूचना आल्या : शिलाई वर्ग, ब्युटीपार्लर, संगणक वर्ग. कारण काय, तर या तिन्हींना कुठून ना कुठून अनुदान मिळतं. मी म्हटलं, आधी गावात फिरून येतो.

11 जुलै 2024

धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वनचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा काढला. त्यावर सात विश्वस्त. त्यातले चार देवाघरी गेलेत. म्हणजे आपण बैठका घेतो, ठराव करतो, पण कागदावर संस्था चालवतायत ते स्वर्गवासी. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खालचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचे अहवाल) वर्षानुवर्षं दाखलच केलेले नाहीत. ते झाल्याशिवाय बँक खातं, वीजभार, मान्यता यातलं काहीही पुढे सरकणार नाही. वकिलांना कागद दिले. मृत्यूचे दाखले गोळा करायचं काम शिपाईमामांकडे. मामांना प्रत्येक घरातलं कोण कधी गेलं ते तोंडपाठ आहे.

दुसरी गोष्ट. पुण्याकडची एक प्रशिक्षण संस्था इमारत दहा वर्षं भाड्याने मागतेय. सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परवानगी मिळेलही, पण माझं मत वेगळं आहे. भाडेकरू संस्था अनुदान असेपर्यंत राहते. अनुदान थांबलं की कुलूप. मग आपल्याकडे रिकाम्या शाळेऐवजी रिकामं केंद्र उरेल. आपणच चालवायचं, छोटं चालवायचं. अध्यक्षांना पटलं, खजिनदारांना अर्धवट.

4 ऑगस्ट 2024

पाहणी संपली. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, त्यामुळे हर्णैचे बोटवाले निवांत सापडले. मुरुड-कर्द्याचे होमस्टेवालेही पावसात मोकळे असतात. कोणालाही 'कुठलं प्रशिक्षण हवंय' असं विचारलं नाही. त्यावर सगळे 'कॉम्प्युटर' म्हणतात आणि चहा देतात. एवढंच विचारलं : शेवटचं काय बिघडलं, कोणाला बोलावलं, तो केव्हा आला?

उत्तरं अशी. एसी बंद पडला, माणूस महाडचा. पाण्याचा पंप, माणूस खेडचा. गीझरला हात लावला की झिणझिण्या, माणूस आलाच नाही, पाहुणे दुसरीकडे गेले. बोटीचा स्टार्टर आणि बॅटरीचं वायरिंग, हर्णैतच एक जण आहे पण त्याच्याकडे रांग. काजू कारखान्यातला ड्रायर, माणूस चिपळूणचा. सोलर बसवून गेलेली मंडळी फोन उचलत नाहीत. मेमध्ये, म्हणजे ऐन हंगामात, बाहेरचा मेकॅनिक चार कामं एकदम साठल्याशिवाय घाट उतरत नाही.

कर्द्याच्या एका ताईंनी वहीच काढून दाखवली. एसीचा खर्च दर मेमध्ये. "येतो, गॅस मारतो, पैसे घेतो. पुढच्या वर्षी परत तेच." मी आउटडोअर युनिट उघडून बघितलं. खाऱ्या वाऱ्याने कॉइलच्या पत्र्याच्या पापड्या गळून पडल्या होत्या आणि वेल्डच्या जागी तेलाचा डाग. गळती तिथेच आहे हे डागच सांगतो. कोणी नायट्रोजन भरून गळती तपासली नाही, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा-ओल काढली नाही, नुसता गॅस ढकलला. जुन्या आर-22 गॅसच्या मशीनवर हे खपून जायचं. आता नव्या मशीनमध्ये आर-32 येतो. तो थोडा का होईना, पेट घेणारा आहे. नळीत हवा-पाणी ठेवून त्यावर अंदाजपंचे गॅस मारणं परवडणारं नाही.

मंडळाला कळवलं : वीज, पंप, एसी-फ्रिज, सोलर. बाहेरून माणूस ज्या कामाला बोलवावा लागतो ते काम शिकवायचं, बाकी काही नाही. शिलाईला माझा विरोध नाही. पण गावात शिवणाऱ्या बाया आहेत आणि त्यांनाच काम पुरत नाही.

9 सप्टेंबर 2024

गणपतीत सगळे आलेत, म्हणून शाळेच्या पटांगणात ग्रामसभा म्हणावी एवढी बैठक झाली. भजनाआधी उरकायची होती, भजन उशिरा सुरू झालं.

पहिला तासभर राग. "आम्ही बांधलेली शाळा तुम्ही बंद करताय." बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांची नातवंडं ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आहेत. पण हे बोलून दाखवायचं नसतं. सरपंचबाईंनी बरोबर मुद्दा धरला : जी 31 मुलं आहेत त्यांचं काय? ठरलं ते असं. या वर्षीची दहावी इथेच पूर्ण होईल. पुढल्या जूनपासून आठवीत प्रवेश नाही, उरलेली मुलं खाडीपलीकडच्या हायस्कुलात जातील. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मुलग्यांना सवलतीत मिळतो. एसटीची वेळ शाळेशी जुळत नसेल तर मंडळ टमटमचा खर्च देईल. हे इतिवृत्तात लिहून घेतलं.

मग एका आजोबांनी विचारलं, "आमचे दाखले कुठे मिळणार?" आणि सभा शांत झाली. जातपडताळणीला, पेन्शनला, पासपोर्टला, कुठेही अडलं की माणूस शाळा सोडल्याचा दाखला मागायला इथे येतो. जनरल रजिस्टर म्हणजे अर्ध्या गावाची जन्मतारीख. माझ्या यादीत हा विषयच नव्हता, मुख्याध्यापिकाबाईंच्या होता. शाळा बंद झाली तरी रजिस्टर कायम जपावं लागतं, ते शिक्षण विभाग ठरवेल त्या शाळेच्या ताब्यात जातं. बाईंनी सांगितलं की देण्याआधी पानन् पान स्कॅन करून एक प्रत गावात ठेवू. त्यानंतर विरोध बराच मावळला. शाळा गेल्याचं दुःख होतंच, पण भीती दाखल्याची होती.

शिक्षकांचं समायोजन होईल. शिपाईमामांना दोन वर्षं राहिलीत. त्यांचा प्रश्न मी वेगळा लिहून मंडळाकडे दिलाय.

18 ऑक्टोबर 2024

विधानसभेची आचारसंहिता 15 तारखेपासून लागली. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडून कोल्हापूरच्या उपसंचालक कार्यालयाकडे जायचा होता, तो थांबला. निकालापर्यंत कोणी सही करणार नाही. रंगाची कोटेशनं मागवली.

21 नोव्हेंबर 2024

काल मतदान झालं. आपल्या दोन खोल्यांत मतदान केंद्र असतं, ते यापुढेही लागणार. म्हणजे त्या दोन खोल्यांत जमिनीला बोल्ट मारलेली यंत्रं बसवता येणार नाहीत. नकाशात त्या 'वर्गखोली' म्हणूनच ठेवल्या : एकीत तोंडी वर्ग, दुसरीत हत्यारांची हलवता येतील अशी कपाटं.

पथक गेल्यावर सगळ्या खोल्यांची मापं घेतली. भिंती दीड फुटी जांभ्याच्या, आतून चुन्याचा गिलावा. या भिंतीत झिरी मारून कन्सील वायरिंग करायला जाल तर चिरा भुगा होऊन हातात येतो. फास्टनरही धरत नाहीत, चार दिवसांनी बोर्डासकट बाहेर. सगळं वायरिंग केसिंग-कॅपिंगने (झाकणाच्या पट्टीतून) भिंतीवरून. विद्यार्थ्यांना ते उघड दिसेल हा फायदाच. जड एसी लटकवायला भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी.

प्रयोगशाळेच्या कपाटात खजिना निघाला. डायल असलेले ॲमीटर, व्होल्टमीटर, एक लांबलचक सरकता रिओस्टॅट (प्रवाह कमीजास्त करायचा), व्हीटस्टन ब्रिज (रोध मोजायचा). रिओस्टॅटची तार शाबूत आहे. विकत घ्यायची गरज नाही. डिजिटल मीटरवर आकडा दिसतो, पण प्रवाह वाढताना काटा सरकतो तेव्हा पोराच्या डोक्यात शिरतं.

15 डिसेंबर 2024

पाबळला जाऊन आलो. शिरूर तालुक्यातला विज्ञान आश्रम, डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेला. मुख्याध्यापिकाबाई आणि एक तरुण विश्वस्त बरोबर होते.

तिथली पद्धत कागदावर वाचलेली होती : शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि अभियांत्रिकी असे चार विभाग, आणि शिकायचं ते प्रत्यक्ष काम करून. डोळ्यांनी बघितल्यावर पटलं ते वेगळंच. तिथे मुलं लोकांची कामं करतात. बनवलेली वस्तू गिऱ्हाइकाकडे जाते. आमच्या आयटीआयमध्ये जॉब करायचा, मार्क घ्यायचे आणि तो भंगारात टाकायचा, अशी रीत. पोरगं वर्षभर एकच पट्टी कानस घासत बसायचं आणि ती पट्टी कोणाच्याच कामाला यायची नाही. कानस शिकायला हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण गिऱ्हाईक समोर उभं असलं की हात वेगळा चालतो.

ठरवलं : पहिल्या दोन महिन्यांनंतर बॅचने बाहेरची कामं घ्यायची. निदेशक सोबत, दर बाजारापेक्षा कमी, पावती मंडळाची. पैशातून आधी सामान, उरले तर विद्यार्थ्यांना. खजिनदारांचा चेहरा पहिल्यांदा उजळला.

19 जानेवारी 2025

निदेशक मिळत नाही. हाच या प्रकल्पातला खरा अडथळा आहे, इमारत नव्हे. एसी दुरुस्त करणारा चांगला माणूस हंगामात रोजचे जे कमावतो ते आम्ही महिन्याच्या पगारात देऊ शकत नाही. आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तो पुणे सोडून सड्यावर राहायला येत नाही. मुलाखतीला आलेल्या एकाने वायफाय आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर रेंज कुठल्या कंपनीची, ते विचारलं. नंतर फोन आला नाही.

तोडगा : एसीचा भाग सलग न शिकवता पावसाळ्यात ठेवायचा, जून ते सप्टेंबर. त्या काळात मेकॅनिक रिकामे असतात. महाडचा तोच माणूस, ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात, आठवड्याचे तीन दिवस यायला तयार आहे. मी त्याला थेट विचारलं, व्हॅक्यूम का करत नाहीस? म्हणाला, "पंप आहे माझ्याकडे. पण अर्धा तास पंप चालवला तर गिऱ्हाईक म्हणतं नुसता बसून पैसे घेतो." माणूस नीट आहे. घेतला.

वीज आणि पंप मी शिकवीन. दोन वर्षं. तोवर पहिल्या बॅचमधला कोणीतरी तयार व्हायला हवा.

24 फेब्रुवारी 2025

वीजभाराचा हिशेब. दीड टनी दोन एसी, तीन एचपीचा पंप, वेल्डिंग सेट, दिवे-पंखे, सगळं धरून 13 किलोवॅटच्या आसपास. सध्याचं कनेक्शन सिंगल फेज, त्यावर घंटा आणि पंखे चालतात. थ्री फेज घ्यायचं तर डीपी (ट्रान्सफॉर्मर) वाडीच्या खालच्या अंगाला, तिथून सड्यावर पोल टाकत यावं लागेल. अंदाजपत्रक बघून वेल्डिंग तूर्त बाद केलं. सोलरची फ्रेम बाहेरून करून घेऊ.

चेंज रिपोर्ट मंजूर झाले, म्हणून हा अर्ज तरी करता आला.

18 मार्च 2025

शिमग्याला पालखी शाळेच्या पटांगणात नेहमीप्रमाणे बसली. गुरवांनी विचारलं, पुढच्या वर्षी बसेल ना? बसेल.

वर्गणी अपेक्षेपेक्षा बरी जमली. मान्यतेबद्दल मंडळाचा निर्णय : आयटीआयची संलग्नता आत्ता नको. वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जागा, यंत्रं, वीजभार, निदेशकाची पात्रता, सगळं ठरल्या मापाचं लागतं. आपण राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करतोय. माहितीपत्रकात मी स्वतः एक वाक्य ठळक छापायला लावलं : या प्रमाणपत्रावर तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना मिळत नाही. ज्याला परवाना हवा त्याने पुढे आयटीआय करावं. एका विश्वस्तांना वाटलं, हे छापलं तर पोरं येणार नाहीत. न छापता आली तर सहा महिन्यांनी दगड मारायला येतील.

अप्रेंटिसशिपचाही विषय निघाला. 1961 च्या कायद्याने 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आपल्या किनाऱ्यावर तीस माणसांची आस्थापना शोधायला दुर्बीण लागेल. तो रस्ता आपल्याला नाही.

12 एप्रिल 2025

अर्थिंग. याची नोंद सविस्तर ठेवतो, कारण पुढे हाच आपल्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा होणार आहे.

शाळेचं जुनं अर्थिंग म्हणजे जिन्याखाली पुरलेला एक पाइप. अर्थ टेस्टर लावायचा तर जमिनीत दोन खुंट्या ठोकाव्या लागतात. सड्यावर खुंटी ठोकणार कुठे? घणाने ठोकली तर खुंटी वाकते. मग गोणपाटाचे तुकडे मिठाच्या पाण्यात भिजवून कातळावर पसरले, खुंट्या त्यावर आडव्या ठेवल्या, वर दगड. काटा स्थिरावला. 38 ओहम.

38 ओहम म्हणजे काय, ते मंडळासाठी लिहितो. जमिनीत जाताना प्रवाहाला होणारा हा विरोध, जितका कमी तितका बरा. समजा गीझरमध्ये फेजची वायर सुटून बॉडीला टेकली. 230 व्होल्ट भागिले 38, म्हणजे जेमतेम 6 अँपिअर प्रवाह जमिनीत जाणार. गीझरचा एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) 16 अँपिअरचा. त्याला काही कळतच नाही, तो पडत नाही. बॉडी जिवंतच राहते आणि माणूस ओल्या हाताने नळ धरतो. कर्द्याच्या झिणझिण्यांचं उत्तर हे. गावोगाव पाहुण्यांसाठी टाइल्स, आरसे, शॉवर बसले आणि खाली अर्थिंग कातळावर तसंच टेकवून ठेवलेलं. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) असली तर खराब अर्थिंगवरही ती पडते आणि जीव वाचतो. पण पाहणीत उघडलेल्या बोर्डांपैकी बहुतेकांत ती नव्हती. आणि काही ठिकाणी होती, तर 'सारखी पडते' म्हणून बायपास केलेली.

खड्डा सड्यावर घ्यायचा नाही हे ठरवलं. कातळात ब्रेकर लावून आठ फूट गेलात तरी कोरडा जांभाच. इमारतीच्या पश्चिमेला मुलांचे हात धुवायचे नळ आहेत. त्यांचं पाणी उतारावर एका घळीत जातं आणि तिथे माती साठलीय. केळी लावलेल्या आहेत, म्हणजे ओल आहेच. तिथे दोन खड्डे, मध्ये दहा फुटांचं अंतर. अंतर कमी ठेवलं तर दोघांची हद्द एकमेकांत घुसते आणि दुसऱ्या खड्ड्याचा पैसा वाया. एकात जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, दुसऱ्यात 60 सेंटिमीटर चौरस, 6.3 मिलिमीटर जाडीची जीआय प्लेट उभी. भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी माती), कारण मीठ पहिल्या दोन पावसांत धुऊन जातं आणि राहिलेलं प्लेट खातं. तिथून जीआय पट्टी वरपर्यंत.

एकेकाचं रीडिंग 11 आणि 9. जोडल्यावर 5.2. हे एप्रिलचं, कोरड्या जमिनीतलं आहे, म्हणून भरवशाचं. पावसाळ्यात अर्थिंग तपासून समाधान मानणारे खूप आहेत. तिसरा खड्डा मेमध्ये घेऊ, चारच्या आत यायला हवं.

खड्डा खणायला आलेल्या मुलांपैकी एकाने रीडिंग घ्यायला शिकून घेतलं आणि स्वतःच्या घरी लावून बघितलं. घरचं 60 च्या वर निघालं. आईला सांगून मिक्सर बंद करून आला.

14 मे 2025

काल दहावीचा निकाल लागला. कोकण विभाग नेहमीप्रमाणे राज्यात पहिला, 98.82 टक्के. आपली चौदाही मुलं पास. मुख्याध्यापिकाबाईंनी पेढे वाटले. शाळेची ही शेवटची दहावी. चौदापैकी पाच जण आधीच मुंबईला गेलेत. विभाग पहिला येतो आणि पहिली एसटी पकडून जातो, असं बाई म्हणाल्या. त्यांची बदली जूनमध्ये.

तिसरा खड्डा झाला. 3.9.

28 मे 2025

पावसाने दगा दिला. 20 तारखेपासूनच वळवाच्या नावाखाली जोरदार सरी, आणि 25 ला मान्सून महाराष्ट्रात दाखल. एरवी जूनचा पहिला आठवडा धरून कामं लावतो. पश्चिमेच्या खोल्यांचे पत्रे उतरवलेले होते. ताडपत्री टाकली, पण वाऱ्याने एक कोपरा सुटला आणि नवं केसिंग भिजलं. वायर अजून ओढलेली नव्हती हे नशीब.

पत्रे बसवताना गवंड्याशी वाद. तो जे-हुक दोन फुटांवर मारतो. निसर्गच्या वेळी 3 जून 2020 ला जे पत्रे उडाले ते असेच मारलेले होते. कडेच्या ओळींना हुक दुप्पट, आणि वरून आडव्या लोखंडी पट्ट्या. याच छपरावर पुढे सोलर पॅनल बसायचेत. त्या वादळानंतर खांब उभे करायला परजिल्ह्यांतून पथकं आणावी लागली, आणि आमच्या वाडीत कित्येक दिवस मेणबत्त्या होत्या. हे गवंड्याला आठवतं, तरी हात सवयीनेच चालतो.

17 जून 2025

काल शाळा उघडल्या. आपली सतरा मुलं खाडीपलीकडे गेली. टमटम लागली, कारण सकाळची एसटी शाळेच्या घंटेनंतर पोचते. आगारात अर्ज दिलाय.

जनरल रजिस्टरं सहीशिक्क्याने ताब्यात दिली. स्कॅन केलेली प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात. बाईंनी शेवटचं रजिस्टर बंद करून खाली तारीख घातली आणि मला म्हणाल्या, "तुमच्या हजेरीपटाला रेघा नीट मारा, आयटीआयवाल्यांचं अक्षर मी बघितलंय."

6 जुलै 2025

पहिली बॅच. जागा वीस, अर्ज सत्तावीस, आले अठरा. त्यात चार मुली. दोघींची घरची होमस्टे आहेत. त्यांना दर वेळी मेकॅनिकची वाट बघायचा कंटाळा आलाय, आणि माझ्या मते याहून चांगलं कारण नाही. सहा जण बोटीवरचे. त्यांना आधीच सांगितलं की 1 ऑगस्टला बोटी सुटल्या की तुम्ही जाणार हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी जुलैमध्ये फक्त बॅटरी, स्टार्टर आणि दिव्यांचं वायरिंग. उरलेलं पुढच्या बंदीत. नियमात हे बसत नाही. मान्यतेची तपासणी होईल तेव्हा त्यांची नावं वेगळ्या पटावर असतील.

एसटीच्या पासाचा घोळ. मान्यता येईपर्यंत प्रशिक्षणार्थींना सवलतीचा पास नाही. वर्गणीतून भरतोय.

2 ऑगस्ट 2025

सोलरचा वर्ग. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान आहे, त्यामुळे गावात चौकशी खूप. पोरांना फळ्यावर हिशेब करायला लावला : जुलैमध्ये कोकणात युनिटं किती पडतील? सगळ्यांनी छापील पत्रकातला आकडा लिहिला. मग बाहेर नेऊन आभाळ दाखवलं. त्यानंतरचे आकडे खरे आले. विकायला जाल तेव्हा गिऱ्हाइकाला मेचा नाही, जुलैचा आकडा आधी सांगायचा.

महाडचे मेकॅनिक व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास गेज दाखवत बसतात आणि आता कोणी त्यांना रिकामे बसलेत म्हणत नाही. उलट पोरंच सांगतात, थांबा सर, काटा अजून हलतोय.

20 ऑगस्ट 2025

गणपती 27 ला. गेल्या आठवड्यापासून मुंबईहून फोन सुरू : येण्याआधी घराचा पंप बघून ठेवा. वर्षभर बंद घर, पंप जॅम, नळाला पाणी नाही आणि गौरी दारात, हा दरवर्षीचा तमाशा. बॅचला हेच काम दिलं. बाहेरची पहिली कामं.

पंप जॅम म्हणजे बहुतेक वेळा मोटर जळालेली नसते. इम्पेलर (पाणी ढकलणारी चकती) आणि त्याचं कवच म्हणजे केसिंग यांच्या मध्ये गंज धरलेला असतो. मोटर गुंगुंग करते, फिरत नाही. तसंच चालू ठेवलं तर मग खरोखर जळते. आधी वीज तोडायची, मागचं पंख्याचं कव्हर काढायचं, शाफ्ट हाताने फिरवायचा. फिरला तर निम्मं काम झालं. नाही फिरला तर केसिंग उघडायचं. कॅपॅसिटर तपासायचा, आणि तपासण्याआधी डिस्चार्ज करायचा. हे मी वर्गात इतक्यांदा ओरडलोय की पोरं माझी नक्कल करतात. फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाची झडप) गळत असेल तर प्रायमिंग, म्हणजे पाइपात भरून ठेवलेलं पाणी, टिकत नाही. तिथे विहिरीत उतरायचं ते दोरी बांधून, आणि वर माणूस असल्याशिवाय नाही.

आजवर बावीस घरं आली यादीत. चार मोटरी खरंच जळालेल्या, त्या रिवाइंडिंगला दापोलीला पाठवल्या. एका घरी पंप चालू झाला, पण टाकीचा पाइप उंदराने कुरतडलेला. काम आमचं नाही तरी मुलींपैकी एकीने सॉकेट टाकून दिला. मालकाने फोनवर विचारलं, बिल कोणी लावलं, मुलीने? फोन सरांना द्या. सरांनी सांगितलं की बिल बरोबर आहे.

अडचण किल्ल्यांची. अर्ध्या घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे आणि शेजारी भाताच्या बेणणीला. शिपाईमामांनी एक वही केली : घर, किल्ली कोणाकडे, कुत्रा आहे का. निवृत्तीनंतर मामांना केंद्रात मानधनावर ठेवायचा ठराव याच महिन्यात घ्यावा, असं मी अध्यक्षांना लिहिलंय.

शिल्लक कामं : थ्री फेजचे पोल उभे झाले, मीटर नाही. मान्यतेची तपासणी गणपतीनंतर. आर-32 चं सिलिंडर वर्गखोलीत नको, बाहेर हवेशीर पिंजरा हवा. त्याचं कोटेशन आलंय, जास्त वाटतं, लोहाराला दाखवतो.